सर्वानुमते पेडल

राधाकिशन ढोलापुढे स्टूल ओढून बसला होता आणि सत्यभामा दारात चपला घालत होती.

"मी नेकनूरच्या बाजाराला चालले. टँकर आला की आधी हंडे, मंग तुमचं धुडूमधुडूम. आज चुकला तर सोमवारपतुर थेंब न्हाई."

"मला कळत न्हाई का? जा तू."

राधाकिशन विकास सोसायटीचा सचिव. तालुक्यातल्या सोसायट्यांच्या कर्मचाऱ्यांनी हौसेने काढलेल्या ऑर्केस्ट्रात तो ड्रम वाजवायचा. रविवारी कडा गावात सहकार मेळावा होता. यंदा ऊस नव्हता, पण मेळावा होता. सहकाराचं असं कुठे अडत नाही. मागच्या कार्यक्रमात मोठ्या ढोलावर पायाने टोला हाणायच्या पेडलाने दगा दिला, तेव्हा चेअरमन मोहनरावांनी बजावलं होतं, "शेवटच्या रांगंला दणका बसला पायजे. न्हाईतर आष्टीचा वाजवणारा आणू." म्हणून बीडच्या दुकानदाराने दोन पेडलं पारखायला दिली होती. एक ठेवायचं, दुसरं दुपारच्या बसने कंडक्टरकडे परत धाडायचं.

त्याने पहिलं पेडल दाबलं. धब्ब! भिंतीवरचं कॅलेंडर हललं. राधाकिशन खूश झाला आणि त्याने आणखी दणके दिले.

मान वर करतो तर दारात अख्खी गल्ली हंडे-कळश्या घेऊन उभी! टँकरचा भोंगा बिघडल्यापासून ड्रायव्हर शहादेव पारावरचं रिकामं पिंप बडवून वर्दी द्यायचा, आणि तो आवाज हुबेहूब असाच होता.

"टँकर कुटं हाय?" सगळ्यांत पुढच्या छबुबाईने विचारलं.

"टँकर न्हाई मावशी, पेडल हाय."

"मंग त्याला पानी येतंय का?"

बायका पुटपुटत गेल्या. राधाकिशनने स्प्रिंग सैल केली, थोडा वेळ जाऊ दिला आणि अलगद पाय टेकवला. पण पेडल जातिवंत होतं, हळू वाजणं त्याला ठाऊकच नव्हतं. धब्ब! या खेपेला पारापलीकडून खुद्द मोहनराव एका गालावर साबण आणि हातात कॅन घेऊन धावत आले. मागोमाग बायकाही पुन्हा आल्या, त्यात गीताबाईचा हंडा घाईत उंबऱ्यावर आदळून चेपला.

"आता कावून वाजवलं बे?" मोहनराव ओरडले.

"रविवारची तयारी करतोय, साहेब."

"रविवारपतुर आमाला पळवून मारतो का?"

"पुन्यांदा वाजलं तर ढोलच उचलून नेऊ," छबुबाई म्हणाली. "तेवढंच भांडं व्हईल पान्याला."

राधाकिशनने घाम पुसला. बऱ्याच वेळाने त्याने दुसरं पेडल जोडलं आणि भीत भीत दाबलं. कोणी आलं नाही. जरा जोरात दाबलं. तरी कोणी नाही. दार उघडून पाहिलं तर गल्लीत एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. मग मात्र त्याने मनसोक्त वाजवलं. ना शिवी, ना हंडा!

जन्मभर सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं लिहिलेल्या माणसाला आणखी काय हवं? सभेला कोणी नसलं की विरोध नसतो, आणि विरोध नसला की ठराव सर्वानुमते मंजूर. त्याने पहिलं पेडल पोत्यात बांधलं, फाटा गाठला आणि पोतं कंडक्टरच्या स्वाधीन केलं. त्याच बसमधून सत्यभामा उतरली. बस धुरळा उडवत बीडकडे निघाली.

"भरले का हंडे?"

"टँकर कुटं आलाय अजून?"

तेवढ्यात भरला हंडा डोक्यावर घेऊन छबुबाई समोरून आली. "आला आन रिकामा बी झाला! तुमच्या ढोलानं कानावरचा इस्वास उडाला, म्हनून आमी समद्या पारावरच जाऊन बसलो. टँकर डोळ्यानं बघितला, मंगच उठलो."

 पाण्याच्या आधी राधाकिशनला भलतंच सुचलं.

"मावशी, मंग पारावर माझा आवाज आला असंल ना? लई जोरात वाजवत व्हतो."

"कवा?" छबुबाई थांबली. "आमी तर म्हनलं, चेअरमन बोलले म्हनून गप झोपला बिचारा."

सत्यभामाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा धुरळ्याकडे, आणि पदर खोचला. "पान्याचं मी बघते. तुमी बसच्या मागं पळा."

राधाकिशन धोतराचा सोगा धरून पळत सुटला. त्याला पाहताच गीताबाई चेपलेला हंडा घेऊन मागे धावली आणि तिच्यामागे उरलेली गल्ली. दुसरा टँकर आला असणार, नाहीतर सोसायटीचा सचिव पळेल कशाला?