सात जण बसू नका

आमच्या शिरूरच्या स्टँडसमोर चहाला सात जण गोल करून बसले, की करीममामा त्यांतल्या एकाला उठवतात. "तू त्या बाकड्यावर जा." माणूस नवा असेल तर भांडतो. जुना मुकाट्याने कप घेऊन उठतो, कारण न उठणाऱ्याला आंत्रविषार ऐकावा लागतो.

आंत्रविषार हा शेळ्या-मेंढ्यांचा रोग. मामांनी जनावरांच्या दवाखान्यात उभी हयात काढली. रिटायर झाले, तरी बर्फाच्या डब्यात लस घालून गावोगाव फिरतात. मी शेजारी, त्यामुळे मोटारसायकल माझी. व्याख्यान वाटेत फुकट.

"जंतू आतड्यात गुमान ऱ्हातो. धान्य जादा गेलं की माजतो आन् इख सोडतो. इख म्हंजी प्रथिनाचे सुटे तुकडे. एकटा तुकडा काय करत न्हाई. पेशीच्या कातडीवर बसून दुसऱ्यांची वाट बघतो. सात जमले की कडं करत्यात, आन् पेशीला आरपार भोक. पाणी आत, जीव भाईर." हे कडं ते माझ्या पाठीवर बोटाने काढून दाखवतात, समोरून ट्रक येत असला तरी.

लग्नाला गेले की नवरा-नवरी राहिली बाजूला, मामा आधी उष्ट्याचा ढीग बघून येतात आणि तिथे बांधलेली शेळी लांब नेऊन बांधतात.

कवठे येमाईला हौसाबाईंकडे एकच शेळी होती, आणि घरात दुसरं कुणीच नव्हतं. मामा दोनदा लस घेऊन गेले. मी बरोबर होतो. दोन्ही वेळा बाईंनी दारातूनच परत पाठवलं. "टोचलं की दूध आटतं." मामा वाटभर त्यांच्या नावाने खडे फोडत आले.

पुढे शेजारच्या लग्नातला उरलेला भात बाईंनी पाटीभर आणून शेळीला घातला. सकाळी फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा शेळी मान मागे टाकून पाय झाडत होती.

"आता कायबी उपेग न्हाई," मामा मला हळूच म्हणाले. तरी मातीत बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती जाईपर्यंत उठले नाहीत.

"मीच मारली ओ मामा," बाई म्हणाल्या. "म्हणलं, लगीन हाय, तिनंबी पोटभर खावं."

मला वाटलं, आता बाईंची काही खैर नाही. मामा म्हणाले, "भातानं न्हाई गेली, ताई. मी तिसऱ्यांदा यायला पायजे हुतं. आळस केला. चूक माझी हाय."

मग बाई तोंडाला येईल ते बोलल्या. मामा मान खाली घालून ऐकत राहिले.

परतताना मी चिडून विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

मामा म्हणाले, "तिला आता त्या घरात एकटीलाच बसायचंय. माझ्यावर राग असला तर बसवंल तरी. तुझ्या मामीला ताप आला, तवा तीन दिस मी घरच्याच गोळ्या दिल्या. वाटलं, उतरंल. चूक तुमची न्हाई, असं मला कुणी म्हणलं न्हाई."

भिंतीला भिंत लागून राहतो मी. मामी गेल्या तेव्हा दारात खुर्च्या मीच मांडल्या होत्या. तेव्हा हे एक वाक्य मला सुचलं नव्हतं, आणि त्या दिवशीही, घर येईपर्यंत, ते तोंडातून निघालं नाही.