भास्करभाऊंची पिलाटेस

भास्करभाऊ कुणाला भेटले की नमस्काराच्या आधी त्याच्या पोटाकडे बघतात आणि म्हणतात, "मझार ले!" म्हणजे आत घे. ही त्यांची अहिराणी. दूधवाल्याला तेच हिंदीत ऐकावं लागतं: "पेट अंदर, भाई!" ते लिफ्टमध्ये शिरले की आम्ही सगळे श्वास ओढून उभे राहतो.

नंदुरबारला भाच्याच्या लग्नात ते आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि पाकीट देण्याआधी नवरदेवाचे दोन्ही खांदे मागे ओढले. त्या फोटोत नवरदेव पोलीस भरतीला आल्यासारखा दिसतो.

असा हा माणूस आमच्या जवळच्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये स्टेंटर चालवतो. ओलं कापड दोन्ही काठांनी धरून, ताणून सुकवायचं ते मशीन. त्यांना हे पिलाटेसचं वेड लागलं मुलीपायी.

सुजाता शाळेत होती तेव्हाच तिची आई गेली. घरात उरले दोघं, आणि दोघंही घुमे. आमच्या भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी यायची, टीव्ही ऐकू यायचा, बोलणं नाही. पुढे सुजाता शहरातल्या वेसू भागात एका क्लासात बॅले शिकायला लागली. भाऊंनी मला विचारलं, "वहिनी, हा गरबाचाच प्रकार शे का?" मलाही नक्की माहीत नव्हतं.

मग तिचा घोटा सारखा मुरगळायला लागला. क्लासच्या बाईंनी भाऊंना बोलावून घेतलं. म्हणाल्या, "दुखतोय घोटा, पण कच्चं आहे ते पोट आणि खुबा. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळवतात. मधला भाग घट्ट धरलेला नसला की सगळा भार घोट्यावर येतो. तिला रोज पिलाटेस करू दे, म्हणजे चटईवरचे पोटाचे-कमरेचे व्यायाम. तोवर बोटांवर उभं राहणं बंद. सुधारलं नाही, तर बॅलेचं विसरा."

भाऊंना ते लगेच पटलं. "मधी कापड ढिलं पडलं का सगळंच वाकडं निघतं," असं ते मला जिन्यात म्हणाले.

सुजाताला मात्र पटेना. तिला उड्या मारायच्या होत्या, गिरक्या घ्यायच्या होत्या. "जमिनीवर आडवं पडून कुठं नाच येतो?" म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

एका सकाळी मी विरजण मागायला गेले, तर भाऊंनी खाट बाजूला सरकवली होती आणि ते स्वतःच चटईवर उताणे पडले होते. एक पाय हवेत. "तू नको करू. मी करतो," असं म्हणत त्यांनी तो पाय गोल फिरवला. पायाबरोबर कंबर फिरली, कंबरेबरोबर भाऊ फिरले आणि स्टुलावरचा पाण्याचा जग खाली आला.

सुजाता हसली. आई गेल्यानंतर तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आबा, कंबर हलवायची नाही! पाय नुसता खुब्यातून फिरवा," म्हणत ती त्यांच्याशेजारी बसली आणि दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. दुसऱ्या दिवसापासून तिथे दोन चटया पसरल्या जाऊ लागल्या. विरजण मात्र त्या दिवशी मला मिळालं नाही.

पोटाला आणि खुब्याला जोर आला तसा घोटा मुरगळायचा थांबला. बाईंनी तिला पुन्हा बोटांवर उभं केलं. काही वर्षांनी बंगळुरूच्या एका नृत्यसंस्थेत तिची निवड झाली आणि ती गेली.

पिलाटेस इथेच राहिली आणि आमच्या मागे लागली. सोसायटीच्या गच्चीवर भाऊ आम्हा बायकांचा वर्ग घेतात. केसभर चूक खपवून घेत नाहीत. "वहिनी, कंबर हालनी!" म्हणजे हलली, असं ते गच्चीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडतात. स्वतः करून दाखवतात तेव्हा त्यांचा पाय कंपासनं काढल्यासारखा गोल फिरतो, आणि कंबर जमिनीला खिळलेली.

या दिवाळीला सुजाता घरी आली. मी फराळाचं ताट घेऊन गेले. दार उघडंच होतं. चटईवर भाऊ पाय फिरवत होते आणि त्यांची कंबर होडीसारखी डुलत होती.

"आबा! अजून तेच?" सुजाता त्यांची कंबर दाबून धरत म्हणाली.

"हालनी का? माले समजतच नही," भाऊ म्हणाले.

"अहो भाऊ, काल तर तुम्ही..." मी सुरुवात केली. सुजाताच्या पाठीमागून भाऊंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी ताट ठेवलं आणि परत आले.

संध्याकाळी ते रिकामं ताट द्यायला आले. दारातच उभे राहिले.

"बरोबर केलं का ती 'छान' म्हणते आणि मोबाइल घेऊन बसते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चुकलं म्हणजे जवळ बसते. कंबर धरून ठेवते. मग तिकडचं सांगते... काय खाते, कोण मैत्रीण आहे, कधी रडली. माले दुसरं काही विचारता येत नही, वहिनी."

मी ताट हातात घेतलं. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "आबा, दुसरा पाय राहिलाय!"

"उनू, उनू, आलो," म्हणत भाऊ लगबगीनं गेले.