समीक्षाच्या दारातला 'येक'

"पोरगी परदेशात गेली म्हणून रडणारा बाप मी नाही!" असं मारोतराव मुकुटबनच्या स्टँडवर भेटेल त्याला ऐकवत होते. त्यांची समीक्षा जंगल, जनावरं अन् लोकांच्या चालीरीती शिकायला भूतानला गेली होती. मारोतराव तिथल्या डोंगरांचं असं वर्णन करायचे, जणू तिथं त्यांची दोन एकर तूर उभी आहे!

एका सकाळी ते फवारणी करत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. तिचा मुक्काम डोंगरावरच्या एका गुराख्याच्या घरी होता, आवाज सारखा तुटत होता.

"बाबा, रोज सकाळी दारात येक येऊन उभा राह्यते!"

"कोन?"

"लय केसाळ हाये! पन सोभावानं गरीब. माह्याच हातानं खाते. त्याले सोडून यायचं म्हटलं का रडूच..."

फोन कटला!

मारोतराव पाठीवरच्या पंपासकट घरी पळाले. "अवो, पोरीच्या दारात येक उभा राह्यते! केसाळ!"

"साधू हाये का?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"तिच्या हातानं खाऊन राह्यला तो!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "मंग सपलंच."

पानठेल्यावरच्या गप्पांत तर संध्याकाळपर्यंत लग्नही लागून गेलं! दुसऱ्या दिवशी आर्णीहून साळा गोपाल आला. अंगणात मोटरसायकल उभी करायच्या आधीच त्यानं विचारलं, "जावई काय करते?"

समीक्षाचा फोन काही लागेना. शेवटी मारोतराव बायकोला म्हणाले, "जे पोरगी मुंगी दिसली तरी पाय बाजूले घेते, ते वाईट मानूस निवडन काय?"

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. मारोतरावांनी तिला बोलूच दिलं नाही. "बाई, मी चिडलो नाही. जात पुसत नाही, देश पुसत नाही. तुले आवडला ना? घेऊन ये. फकत त्याचे केस कापून आन!"

समीक्षानं मोबाइल वळवला. पडद्यावर दोन शिंगं, अन् त्यांच्यामागं काळ्या केसांचा आख्खा ढिगारा! तो तिचा तळहात चाटत होता.

"बाबा, येक नाही! याक! आपल्या बैलासारखं जनावर!"

गोपाल पोट धरून अंगणात लोळला. समीक्षाही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग हळूच म्हणाली, "पन बाबा, खरंच जात नसती पुसली?"

"म्हनलं ना नाही!"

"मंग सांगू? यवतमाळच्या कॉलेजात माह्या वर्गात धम्मदीप होता..."

मारोतरावांना याकाचं काही एवढं अवघड वाटलं नव्हतं!

विजयमालाबाईंनी फोन हिसकावला. "पोरी, त्याले रविवारी जेवाले पाठव. तू येईस्तोवर आमी ओळख करून घेतो."

अन् परदेशी गेलेल्या पोरीसाठी न रडणारे मारोतराव दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणाले, "फवाऱ्याचं औषध गेलं डोळ्यात!"