जुनं जर्मन

बायकोशी खोटं बोलायचं नाही असं हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं, आणि तिथेच घोळ झाला. महायुद्धानंतरची एक जर्मन मोटरसायकल त्यांनी पोत्यांतून सुटी सुटी घरी आणली, तेव्हा बायकोने विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, "जुनं जर्मन आहे." (अगदी खरं.) बायकोला वाटलं, जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली असतील. तिने मागची खोली आपणहून मोकळी करून दिली.

मग साहेब सुट्टीभर तिथे घासत बसायचे. मध्येच उठून जातील या भीतीने बायकोने कधी आत डोकावूनही पाहिलं नाही. आपला नवरा भांडी घासतो ही बातमी मात्र तिने आळीभर केली. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना साहेबांचा दाखला देऊ लागल्या आणि ते नवरे साहेबांशी बोलेनासे झाले.

अखेर गाडी उभी राहिली. रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. ऑफिसात साहेबांना कुणी हिंग लावून विचारत नसे. एकदा तरी लोकांनी मान वळवून आपल्याकडे बघावं, एवढीच त्यांची हौस. नेमकं त्याच सकाळी पाहतात तर मागच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेली हेडलाइटची वाटी गायब.

"माझी वाटी कुठाय?"

बायकोने स्वयंपाकघरातून वाटी आणून दिली.

"ही नव्हे गं. मोठी, जर्मनची."

"ती होय? तीत आईने दूध तापवलंय."

मुक्कामाला आलेल्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "दणकट आहे हो भांडं, जावईबापू. बुडाला भोक होतं, तेवढं कालच डाग देऊन बुजवून आणलं."

त्या भोकातून दिव्याची वायर जायची होती. दिवसा दिवा कोण लावतो, अशी साहेबांनी मनाची समजूत घातली, दूध पातेल्यात ओतलं, वाटी घाईघाईत पुसून गाडीला बसवली आणि मागच्या दाराने सटकले.

मिरवणुकीत उन्हाने वाटी तापली तसा सायीचा वास सुटला. चौकात एक मांजर मागे लागलं. आपल्या आळीत शिरेपर्यंत मागे मांजरांचीच मिरवणूक झाली होती. लोकांनी माना वळवल्या. मांजरांकडे.

कालवा ऐकून बायको शेजारणींसह दारात आली. तिने गाडी पाहिली, वाटी ओळखली, आणि तिचा चेहरा पडला. साहेबांना वाटलं, आता गाडीवरून महाभारत होणार.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "तुम्ही इतके दिवस भांडी घासतच नव्हता?"

शेजारणी ऐकत होत्या. बायकोची अब्रू पणाला लागली होती.

तेव्हापासून साहेब रोज भांडी घासतात, दार उघडं ठेवून. सासूबाई म्हणतात, हात चांगला आहे, पण मोटरसायकलीची चमक काही येत नाही.