कायमचा पत्ता

हिवरदरा नावाचं एक गाव होतं. तिथं धोंडाबाई नावाची विधवा राहायची. तिचा लेक दिगंबर लांबच्या थंड मुलखात वर्तमानपत्राचा बातमीदार होता, आणि बातमीत तो जितकी माणसं जास्तीची लिही, तितकी धोंडाबाईच्या अंगणात येऊन उतरत. नियमच होता तसा. जास्तीची माणसं बातमीदाराच्या कायमच्या पत्त्यावर जायची.

सुरुवातीला दोनच आली. आगीच्या बातमीत दिगूनं दहाची बारा केली होती. धोंडाबाईनं त्यांना चहा दिला. बातमी शिळी झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती निघून गेली.

"कोण गं?" शेजारच्या कौसाकाकूनं विचारलं.

"दिगूच्या हापिसातली," धोंडाबाई म्हणाली, आणि पदर सारखा करायला वळली.

पुढं लेकाची बढती होत गेली तशी अंगणातली गर्दी वाढत गेली. कधी वीस, कधी पन्नास. बातमी मराठीत छापलेली, म्हणून माणसंही मराठीच बोलत. नाव विचारलं की म्हणत, "नाव न सांगण्याच्या अटीवर." भाकरी खाऊन झाली की म्हणत, "उपस्थितांनी समाधान व्यक्त केले." धोंडाबाई गिरणीवर लेकाचं कौतुक सांगायची आणि दळण मात्र पायलीनं जास्त न्यायची. बायका तिच्या टोपलीकडं बघत. ती खाली बघे.

मग पावाच्या कारखान्याच्या मोर्चाची बातमी आली. पहिल्या पानावर, दिगूच्या नावानिशी. त्याच सकाळी जाड कोट घातलेली तीनशे चाळीस माणसं फलक घेऊन अंगणात, गल्लीत, गोठ्यात उभी राहिली. "मागण्या मान्य न झाल्यास आंदोलन तीव्र करण्यात येईल," म्हणाली आणि घामाघूम होऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. बातमीला वर्षाचं मोठं बक्षीस जाहीर झालं होतं, त्यामुळं ती शिळीच होईना.

आठवड्यात वर्षाची ज्वारी संपली. ग्रामसेवक भाऊसाहेब नोटीस घेऊन आले.

"मावशी, टाकीचं पाणी गावाला पुरत नाही. आठ दिवसांत ही मंडळी हलवा. नाहीतर नळ बंद करावा लागेल."

"पाहुणे आहेत हो."

"मावशी, हे पाहुणे पहिल्या पानावरचे आहेत. मी वाचलंय."

धोंडाबाईला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं.

त्या गर्दीत तुळशीपाशी एक म्हातारी बसलेली. डोक्याचा रुमाल दातांत धरून आवाज न करता रडत होती. धोंडाबाईनं पाणी पुढं केलं. "का रडतेस, बाई?"

"ते छापून आलेलं नाही," म्हातारी म्हणाली.

धोंडाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. उजव्या कानाची पाळी फाटकी. धोंडाबाईचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडं गेला. तिथंही फाटकीच होती.

तिनं लेकाला फोन लावला. "दिगू, मोर्चाला गेला होतास?"

"आई, बर्फ फार पडत होता."

"म्हणजे नाही. मग ही रडणारी कुठली?"



"एस्टीच्या मागच्या काचेतून दिसली होतीस," तो म्हणाला. "मी निघालो त्या दिवशी. पदर दातांत धरलेला. तीच लिहिली."

अकरा वर्षं धोंडाबाई समजत होती, पोरानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती उंबऱ्यावर बसली.

"माझं रडणं मला विचारून न्यायचं होतंस रे. बक्षीस परत कर. खरं ते छापून आण."

"नोकरी जाईल, आई."

"गावचं पाणी चाललंय. मला गिरणीवर तोंड दाखवता येत नाही, दिगू. तुला तिकडं येतं का?"

"नाही येत," तो म्हणाला.

सातव्या दिवशी भाऊसाहेब पेपर घेऊन आले आणि अंगणात उभं राहून त्यांनी वाचलं : "मोर्चात चारशे नव्हे, साठ माणसे होती. बातमीदार तेथे गेला नव्हता."

माणसं उठली. "आंदोलन मागे घेण्यात येत आहे," म्हणाली, फलक गुंडाळले आणि ओळीनं सडकेला लागली. म्हातारी तेवढी बसून राहिली.

भाऊसाहेबांनी पुढची ओळ वाचली. "रडणारी वृद्धा तेथील नव्हे. ती हिवरदऱ्याची आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "छापून आलंय म्हणजे गावचीच. रजिस्टरला घ्यावं लागेल. नाव?"

"नाव अद्याप कळू शकलेले नाही," म्हातारी म्हणाली.

"ठमाबाई लिहा," धोंडाबाई म्हणाली. "माझी थोरली बहीण."

महिन्यानं दिगू एक पिशवी घेऊन एस्टीतून उतरला. मान वर होत नव्हती. फाट्यावर दोन म्हाताऱ्या उभ्या, मागं कौसाकाकू. तो दोघींच्याही पाया पडला.

"एकटाच आलास ना रे?" कौसाकाकूनं विचारलं. "थांब, मोजून घेते!"

दिगू हसला नाही. "एकटाच आहे, काकू. मोजा," म्हणाला. आता तो ग्रामसभेची हजेरी लिहितो, एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवून.

तो आला त्या दुपारी धोंडाबाईनं तीन ताटं वाढली. ठमाबाई येईतो अकरा वर्षं त्या घरात घरचं म्हणून एकच ताट विसळलं जायचं. ठमाबाईनं पहिला घास घेतला. समाधान व्यक्त करील म्हणून दोघंही थांबली.

"आमटीत मीठ कमी पडलंय," ठमाबाई म्हणाली.

धोंडाबाई लगबगीनं उठली, मिठाचा सट आणून तिच्यापुढं ठेवला, आणि तिथून त्या घराचे दिवस पालटले.