उत्तरेकडचा टगवेल

मेल्यावर पडायचं कुठे, हे बर्ट्रम टगवेलने एका मंगळवारी न्याहारी करता करता ठरवून टाकलं, आणि त्याच्या घरातली शांतता तिथेच मेली.

नेदर स्क्विल्बीच्या चर्चच्या आवारात एकच जागा उरली होती. जुन्या यू वृक्षाखाली, ऐसपैस, दोघांपुरती. ती भरली की पुढच्या सगळ्यांची रवानगी हमरस्त्यावरच्या नव्या दफनभूमीत, पेट्रोल पंपाला लागून. भांडणं नकोत म्हणून पाद्रीबाईंनी जाहीर केलं, की ज्याचं घराणं गावात सर्वांत जुनं, त्याची जागा. (बाई गावात नव्या होत्या. भांडणं अशानेच टळतात असं त्यांना वाटे.)

"म्हणजे आमचीच!" बर्ट्रमचा मेव्हणा विल्फ पोकॉक पबमध्ये मिशीवरचा फेस पुसत म्हणाला. "पोकॉकांच्या थडग्याचा पहिला दगड १७०३चा. दाजी, तुम्ही पडलात बाहेरचे."

"बाहेरचा? माझा आजा या गावात जन्मला!"

"तेच म्हणतोय. परवाचीच गोष्ट."

बर्ट्रमने ग्लास असा आपटला, की बारवरची मांजर उडाली ती पलीकडच्या गावात जाऊन उतरली. (अजून तिथेच आहे. विचारा हवं तर.)

त्या दिवसापासून बर्ट्रमचा पारा उतरलाच नाही. रोज संध्याकाळी तो टगवेलांचा जुना दगड शोधत चर्चच्या आवारात गुडघ्यांवर रांगायचा, खाजकुइली अंगावर घेऊन परतायचा आणि सूपमध्ये चमचा घालताना पोकॉकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बायको एनिड ही माहेरची पोकॉक, हे त्याच्या गावीच नसे. तिच्या मात्र बरोबर ध्यानात राहत होतं.

शेवटी चर्चच्या उत्तरेला, आयव्हीच्या जाळीत, त्याला एक कललेला दगड सापडला. एनिडचा भांडी घासायचा ब्रश आणि कांद्याच्या लोणच्याचं व्हिनेगर घेऊन त्याने दगडफूल खरवडलं. अक्षरं उमटली: 'जोसाया टगवेल, १६४१'. खालचा भाग मातीत गाडलेला होता.

"सोळाशे एक्केचाळीस!" तो स्वयंपाकघरात गरजला. "कुठे गेला तो तुझा भाऊ?"

"आधी माझं व्हिनेगर कुठे गेलं ते सांगा. आणि अहो, उत्तरेला? त्या बाजूला गावची माणसं पुरत नसत."

"पोकॉकांचं रक्त बोलतंय! जळतेस तू!"

"बरं," एनिड म्हणाली आणि कांदे चिरत राहिली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याने अख्ख्या गावाला दगडाभोवती उभं केलं. पाद्रीबाई वाकून बघत म्हणाल्या, "झालं की, टगवेल. नाव दिसतंय, साल दिसतंय. जागा तुमची."

विल्फचा चेहरा पडला. इथे थांबला असता तर बर्ट्रम जिंकला होता. पण संताप माणसाला थांबू देतो होय?

"नाही, बाई! खाली कौतुक कोरलेलं असणार. ते या विल्फ्याने मोठ्यांदा वाचायचं!" आणि त्याने कुदळ घातली.

माती निघाली. विल्फने चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचलं: "'परगावचा वाटसरू. आमच्या झाडावरच्या नाशपती चोरताना पडून मेला. दयाबुद्धीने पुरला. पोकॉक कुटुंब.'"

कुणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. मग खोकायचं नाटक कुणालाच जमेना.

"दाजी!" विल्फने बर्ट्रमला कडकडून मिठी मारली. "१७०३च्या मागचा पुरावा आम्हाला जन्मात मिळाला नसता. तुम्ही खणून काढलात!"

"सोड! सोड मला, हलकटा!"

"विल्फ्या," एनिड शांतपणे म्हणाली, "जागा दोघांची आहे. तुझं तर लग्न झालं नाही."

"दुसरी तुझीच की, ताई. तू पोकॉकच."

बर्ट्रमच्या हातातली कुदळ गळून पडली. "आणि मी? मी एकटा त्या पेट्रोल पंपाशेजारी?"

एनिडने त्याच्या कोटावरची माती झटकली. "तुम्हीच म्हणालात ना, पोकॉकांचं रक्त बोलतंय म्हणून? ते म्हणतंय, आपल्या माणसांत राहावं."

"मनाला लावून घेऊ नका, दाजी," विल्फ डोळे पुसत म्हणाला. "तिकडून अधूनमधून भेटायला येत जा. फक्त येताना आमच्या नाशपतीवर चढू नका."