थोडंसंच वापरलेलं

मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना आठ महिने दारं नव्हती. जुनी दारं त्यांनीच मोठ्या उत्साहात उपटली होती आणि नव्या दारांसाठी राऊटर हवा म्हणून घोडं अडलं होतं. राऊटर म्हणजे लाकडाच्या कडा गोल करणारं, खाचा पाडणारं यंत्र. गॅलरीतल्या त्यांच्या कारखान्यात करवती होत्या, रंधे होते, लाकूड आवळून धरणारे नऊ क्लॅम्प होते. तयार झालेली वस्तू मात्र अजून एकही नव्हती. मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि न पाहिलेल्या नद्यांवर जसं बोलत तसंच ते लाकडावरही तासभर बोलू शकत.

शनिवारी सकाळी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "आज ते मशीन घरात आलं नाही, तर उद्या मी सुतार बोलावणार."

आपल्या घरात, आपल्या हत्यारांसमोर, परका सुतार. हे मास्तरांना मुळीच चालणार नव्हतं. 'राऊटर मशीन, थोडंसंच वापरलेलं' अशी एक जाहिरात त्यांनी हेरून ठेवली होती. तिच्यातला फोन नंबर त्यांनी फ्रिजवर चिकटवला, चहा अर्धा टाकला आणि चप्पल उलटसुलट घालूनच जिना उतरले.

विकणारे गृहस्थ निवृत्त कंपाउंडर होते. जाहिरात त्यांच्या पत्नीने दिली होती, पण त्या चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या होत्या आणि तासाभरात येणार होत्या. यंत्र बघून मास्तरांचे डोळे दिपले आणि लगेच संशयही आला. त्यावर एक ओरखडा नव्हता. कंपनीचा कागदही तसाच चिकटलेला होता.

"इतकं नवं कसं हो? बिघडलंय की काय?"

कंपाउंडर दुखावले. दोन वर्षं आपण रोज वापरतोय, नीट ठेवलं की वस्तू नवीच राहते, असं त्यांनी ऐकवलं. मास्तरांनी चालवून दाखवायची विनंती केली. कंपाउंडरांना बटण सापडायला पाच मिनिटं लागली, तेव्हाच मास्तरांनी काय ते ओळखायला हवं होतं. पण त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात होतं. घरात लाकडाचा तुकडा नव्हता, तेव्हा कंपाउंडर म्हणाले, "टेबलाच्या कडेला नुसतं टेकवून दाखवतो."

त्यांनी टेकवलं आणि नेमकं उलट्या दिशेने ओढलं. पातं फिरतं त्याच दिशेने ढकललं की राऊटर हातातून पळतो, हे मास्तरांनी दोनशे व्हिडिओंत पाहिलं होतं. प्रत्यक्षात आज प्रथमच पाहिलं. यंत्र कडेने धावलं, कोपऱ्याशी अडखळलं आणि बंद होईपर्यंत त्याने जेवणाच्या टेबलाचा काडेपेटीएवढा लचका तोडला होता.

कंपाउंडरांनी लचक्यावर हात झाकला. "मास्तर, हे टेबल तिच्या माहेरचं आहे हो."

आणि मग खरं बाहेर आलं. यंत्र त्यांनी निवृत्तीच्या हौसेत आणलं आणि भीतीने कधी सुरूच केलं नाही. बायको देवदर्शनाला, बाजाराला, कुठेही बाहेर गेली की आपण सराव करतो, असं ते तिला सांगत आले होते.

पळून जावं असं मास्तरांना फार वाटलं. पण हात शिवशिवत होते. लचका लपवायचा तर कोपरा गोल करावा लागणार होता. त्यांनी यंत्र घट्ट धरलं, पात्याच्या विरुद्ध दिशेने सरकवलं आणि लाकूड लोण्यासारखं वळलं. मग एकच कोपरा गोल वेडगळ दिसायला लागला म्हणून दुसरा केला. दोन गोल, दोन चौकोनी म्हणजे चेष्टाच झाली असती, म्हणून उरलेलेही केले. चार कोपरे झाल्यावर मधल्या कडा टोचायला लागल्या. भुसा सगळीकडे उडत होता, कंपाउंडर उशीचा अभ्रा उघडा धरून त्यामागे धावत होते. मास्तरांच्या खिशात फोन वाजत होता, तो यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू येणार?

शेवटची कड पॉलिशपेपरने घासत असतानाच दार उघडलं. कंपाउंडरबाईंनी पर्स खाली ठेवली, टेबल पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"यांनी," कंपाउंडरांनी क्षणात मास्तरांकडे बोट दाखवलं.

बाईंनी कडेवरून सावकाश हात फिरवला. कोपऱ्याशी तो जरा थांबला. "बावीस वर्षं हा कोपरा माझ्या कमरेला लागतोय. किती सुरेख झालंय."

"म्हणजे यांनी धरलं होतं," कंपाउंडर म्हणाले. "केलं मी."

मास्तर तोंड उघडणार होते. पण कंपाउंडरांचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि तो चेहरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. रोज दाढी करताना ते तोच पाहत. त्यांनी पॉलिशपेपर कंपाउंडरांच्या हातात दिला. बाईंनी मशीन विकायचं नाही असं जाहीर केलं आणि मास्तर डोक्यात भुसा घेऊन रिकाम्या हाताने घरी परतले. आयुष्यातलं पहिलं काम, तेही दुसऱ्याच्या टेबलावर आणि दुसऱ्याच्या नावावर. त्यांना रडू येईल असं वाटत होतं.

"तुम्ही फोन उचलत नव्हतात म्हणून त्या नंबरावर केला," बायको म्हणाली. "बाईंनीच घेतला. त्यांचे मिस्टर काय सुंदर काम करतात म्हणे. मी सुताराचं रद्द केलं. उद्या ते दोघे येतायत, मशीन घेऊन."

रविवारी कंपाउंडर चादरीत गुंडाळलेलं यंत्र छातीशी धरून आले. आपल्याला कामात एकांत लागतो, भुशाचा अभ्रा धरायला फक्त मास्तर चालतील, असं सांगून त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. मग ते हात जोडून कुजबुजले, "मास्तर, वाचवा."

दुपारी चारपर्यंत कपाटांची सगळी सहा दारं बसली. बायकोने एक दार बोटाने लोटलं. ते हलकेच मिटलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं.

"याला म्हणतात हात," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "शिका जरा यांच्याकडून."

कंपाउंडर फरशीकडे बघायला लागले. कंपाउंडरबाई खूश होत्या. "पुढच्या रविवारी आमची कपाटं करायला घेणार आहेत हे. भावजी, तुम्हीपण या ना, अभ्रा धरायला कुणीतरी लागतंच."

मास्तरांनी अभ्रा खिडकीबाहेर झटकला, नीट घडी घातली आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"